चहा आरोग्याला खरंच चांगला असतो का? आणि घरातला चहा शुद्ध आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: चहाचे फायदे म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं खरं किती, आणि घरात आलेली चहापूड शुद्ध आहे की नाही हे कसं ओळखायचं. शिवाय जाता जाता लिहिलं आहे की बिनदुधाचा चहा पाच मिनिटं तसाच राहिला की वर तेलकट, तपकिरी पापुद्रा धरतो आणि पुडीत मेण मिसळलं असावं अशी शंका येते. आधी त्या पापुद्र्याचंच सांगते, कारण तुमची काळजी तिथून सुरू झालेली दिसते.

ते मेण नाही आणि तेलही नाही. तो पापुद्रा तुमच्या पाण्यामुळे येतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतं. गरम चहाच्या पृष्ठभागावर हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की चहातली पॉलिफेनॉल्स (चहाला तुरटपणा देणारी द्रव्यं) आणि हे कॅल्शियम मिळून एक पातळ पडदा तयार होतो. त्यात कॅल्शियम कार्बोनेटही असतं, म्हणजे खडू ज्याचा असतो तेच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या स्पायरो आणि जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी १९९३ साली याचा छडा लावला. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात चहा केला तर पापुद्रा येतच नाही आणि लिंबू पिळलं तर जवळजवळ नाहीसा होतो. तीच पूड घेऊन एक कप तुमच्या नळाच्या पाण्यात आणि एक ऊर्ध्वपातित पाण्यात करा, दोन्ही शेजारी ठेवून दहा मिनिटांनी बघा. पुडीवरचा आळ तिथेच उतरेल.

चहा थंड झाल्यावर गढूळ होतो यावरूनही लोक घाबरतात. चांगल्या काळ्या चहाचा तर तो गुणच आहे. थिआफ्लेविनं (काळ्या चहातली रंगद्रव्यं) आणि कॅफिन थंडाव्यात एकमेकांना धरतात आणि सायीसारखा गढूळपणा येतो. पुन्हा गरम केलात की चहा स्वच्छ. चव घेऊन चहाची प्रत ठरवणारे लोक हा गढूळपणा मुद्दाम बघतात.

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. चहाचे नमुने सतत यायचे. तिथे मनात पक्कं बसलं ते हे, की चहाचा गुण आणि चहाची शुद्धता हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. चहात जे चांगलं आहे ते पाण्यात उतरणारं आहे. भेसळ करणारा त्यावरच हात मारतो: एकदा उकळून सत्त्व काढलेला चोथा वाळवतो, रंगवतो आणि परत विकतो. म्हणून काळ्या चहाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ३७२० मध्ये, पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के हवा असं म्हटलं आहे. तपासणी अगदी साधी. २ ग्रॅम दळलेला चहा तासभर पाण्यात उकळायचा, गाळायचा, धुवायचा, उरलेला चोथा १०३ अंशांवर वाळवून तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पाण्यात गेलं. वापरलेली पत्ती मिसळलेली असेल तर हा आकडा खाली येतो, आणि चहा जाळून उरलेल्या राखेतला पाण्यात विरघळणारा भागही कमी भरतो, कारण पोटॅशियमचे क्षार पहिल्याच उकळीत निघून गेलेले असतात. चोथ्याला रंग देता येतो, गेलेलं पोटॅशियम कोण परत घालणार?

रंगासाठी आम्ही पांढऱ्या लोकरीचा धागा वापरायचो. चहाच्या अर्कात थोडं आम्ल घालून त्यात धागा उकळायचा आणि मग धुवायचा. चहाचा स्वतःचा रंग लोकरीवरून बहुतेक धुऊन जातो, मळकट छटा तेवढी राहते. कृत्रिम रंग मात्र लोकर पकडून ठेवते. एका नमुन्यातला धागा मी नळाखाली चोळत राहिले आणि तो झेंडूसारखा केशरी तो केशरीच. पुढे अमोनियात टाकल्याबरोबर सगळा रंग द्रावात उतरला. पूड दिसायला सुरेख होती, एकसारखी काळी, चकचकीत. तेव्हापासून फार चकचकीत चहा दिसला की माझा हात आधी थांबतो.

हा धंदा आजचा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ॲश झाडाची पानं वाळवून चहात मिसळत, आणि १७७७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. वापरलेली पत्ती डिंक लावून वाळवायची आणि ग्रॅफाइटने काळी करायची हाही तिथला नेहमीचा प्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतिशास्त्रज्ञ चीनमध्ये फिरला. तिथे परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम ही पांढरी खनिज भुकटी चोळताना त्याने पाहिलं. दर १०० पौंड रंगवलेल्या चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त रंग आणि जिप्सम लोकांच्या पोटात जातं असा त्याचा हिशोब होता. तिथले लोक स्वतः तो रंगीत चहा पीत नव्हते. गिऱ्हाइकाला हिरवागार चहा हवा होता म्हणून ते रंगवत होते. गडद रंग म्हणजे चांगला चहा ही समजूत आजही भेसळीला असंच बळ देते.

घरी करण्यासारख्या तीन चाचण्या आहेत. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पूड टाका. ढवळू नका. खरा चहाही थंड पाण्यात रंग सोडतो, पण सावकाश. बारीक भुकटी असेल तर जरा लवकर. कृत्रिम रंग लावलेला असेल तर दाणा पाण्याला टेकतो न टेकतो तोच पिवळ्या-केशरी रेघा खाली धावतात. दुसरी चाचणी: पांढरा टीपकागद ओला करून त्यावर पूड पसरा, पाच मिनिटांनी झटका आणि कागद उजेडात धरा. फिकट तपकिरी डाग चालतील, भडक पिवळे किंवा लालसर ठिपके नकोत. तिसरी लोहचुंबकाची. कोरड्या पुडीतून चुंबक फिरवला की लोखंडाचे एकदोन कण लागू शकतात, कारण पानं ज्या रुळांतून चिरडली जातात ते रूळ झिजतात. चुंबकाला दाढीसारखा झुबका लागला तर मात्र ती पूड वापरू नका.

या चाचण्या रंग आणि लोखंड पकडतात. न रंगवलेला चोथा त्यांत सापडत नाही, कीटकनाशकं तर नाहीतच. त्याला प्रयोगशाळाच लागते. जमेल तेव्हा मोठ्या पानाचा चहा घ्या, कारण पान भिजून उलगडलं की कडा, शिरा, देठ सगळं डोळ्यांना दिसतं. भुकटीत काय मिसळलंय हे डोळ्याला कळत नाही.

भेसळ नसूनही नको ती वस्तू चहात येऊ शकते. पानं वाळवताना लाकडाचा किंवा कोळशाचा धूर लागला तर अँथ्राक्विनोन नावाचं द्रव्य चहात सापडतं. युरोपीय संघाने त्याची मर्यादा किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम ठेवली आहे. टी बॅग घेत असाल तर जाळी कशाची आहे ते बघा. २०१९ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने प्लास्टिकच्या एका पिशवीतून कपात अब्जावधी सूक्ष्म कण उतरतात असं मांडलं. आकड्यावर पुढे वाद झाले, पण उकळत्या पाण्यात प्लास्टिक बुडवायची गरजच काय? सुटा चहा आणि गाळणं पुरे. उलट बाजूनेही एक गंमतीची गोष्ट: २०२५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने दाखवलं की चहाची पानं पाण्यातलं शिसं स्वतःच्या पृष्ठभागावर ओढून घेतात. नेहमीसारखा तीन ते पाच मिनिटं मुरवलेल्या कपात साधारण १५ टक्के. पाणी शुद्ध करायला चहा वापरा असं कुणी म्हणत नाही, पण चोथा फेकताना मला ते आठवतं.

आता फायद्यांचं. हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा हे सगळे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. पान तोडल्यावर ते हवेत किती काळं पडू दिलं यावर नाव ठरतं. हिरव्यात कॅटेचिनं, म्हणजे पानातली मूळ पॉलिफेनॉल्स, जास्त राहतात, काळ्यात त्यांचीच थिआफ्लेविनं आणि थिआरुबिजिनं होतात. म्हणून हिरवा म्हणजे औषध आणि काळा म्हणजे व्यसन ही विभागणी मला पटत नाही. कॅमोमाइल किंवा जास्वंदीच्या 'चहा'त मात्र यातलं काहीच नसतं, ते वेगळे काढे.

चहाचा अनुभवाला येणारा फायदा म्हणजे तरतरी. कपभर काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कॉफीच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्याच्या जोडीला थिआनिन नावाचं अमिनो आम्ल, जे चहाखेरीज फार थोड्या वनस्पतींत आढळतं. कॉफीपेक्षा चहाची तरतरी शांत वाटते ती या जोडीमुळे असावी. दीर्घायुष्याबद्दल विचाराल तर ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांवर अकरा वर्षं नजर ठेवलेला अभ्यास २०२२ साली आला. रोज दोन किंवा जास्त कप काळा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला, दूध-साखर घालणाऱ्यांतही. पण हे निरीक्षण आहे. चहा पिणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. या आकड्यावरून कुणी चहाला हृदयरोगाचं औषध म्हणून विकत असेल तर तिथून निघा. वजन उतरवणाऱ्या 'डिटॉक्स' चहांबद्दल तर मला संतापच आहे. त्यांतल्या कित्येकांत सोनामुखी असते, म्हणजे रेचक. जुलाबाने पाणी जातं, चरबी तिथेच राहते.

दुधाने फायदा मरतो का, असंही लोक विचारतात. बर्लिनमध्ये १६ स्त्रियांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात रक्तवाहिन्या सैल होण्याचा परिणाम दुधाने नाहीसा झाला होता, वरच्या मोठ्या अभ्यासात दुधाने फरक पडला नाही. दूध आवडत असेल तर घाला. साखरेचं मात्र कप मोजून बघा. दोन चमचे गुणिले चार कप हा हिशोब चहाच्या नावावर खपतो.

माझ्या मते खरं लक्ष द्यायचं ते पुढच्या दोन गोष्टींकडे. एक, लोह. चहातली पॉलिफेनॉल्स वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात, जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. मी स्वतः कित्येक महिने लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत होते आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं. चहा गोळीपासून आणि जेवणापासून दीड तास दूर नेला आणि पुढच्या तपासणीत आकडा चढला. माझ्या एकटीच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही, पण कारण रसायनशास्त्रात बसतं. बाळंतीण, गरोदर स्त्री, वाढत्या वयाची मुलगी यांच्या बाबतीत हे अंतर पाळाच. गरोदरपणात सगळं मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

दोन, तापमान. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. फुंकर मारल्याशिवाय घोट घेता येत नसेल तर कप खाली ठेवा.

अतिरेकाचं एकच उदाहरण देते. अमेरिकेत ४७ वर्षांच्या एका बाई १७ वर्षं रोज १०० ते १५० टी बॅगांचा चहा पीत होत्या. २०१३ साली त्यांची केस प्रसिद्ध झाली: फ्लोराइडमुळे हाडं रोगट झाली होती. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड ओढून जून पानांत साठवतं. आपण तिथवर जात नाही, पण ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या त्याच वाटेवर नेतात. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन) गोळ्यांतून पोटात गेलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवलं. कपातून चहा घ्या, गोळीतून नको.

तुमच्या पुडीचं म्हणाल तर आज थंड पाण्याची आणि टीपकागदाची चाचणी करा. दोन्हींत काही दिसलं नाही तर रंगाची काळजी सोडून चहा प्या, आणि पापुद्रा नकोसा वाटत असेल तर लिंबाचे दोन थेंब टाका. रेघा धावल्या तर पुडी बंद करून वेष्टनासकट ठेवा, बॅच क्रमांक फाडू नका. अन्नतपासणीच्या कार्यालयात नमुना द्यायचा झाला तर पहिल्यांदा तोच विचारतात.