भावाने जमीन स्वतःच्या नावावर केली. दावा लावला तर तो सूड ठरतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही दिसेल. वडिलांची माती होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा दादाने "वारस नोंदीचे कागद आहेत" म्हणून तुमच्या सह्या घेतल्या. दोन वर्षांनी सात-बारा काढला तर त्यावर त्याचं एकट्याचं नाव. आई त्याच्याच घरी आहे. दावा लावायचं बोललात तर चर्चच्या मंडळीतले लोक म्हणाले, "ख्रिस्ती माणसाने दुसरा गाल पुढे करायचा असतो, कोर्टात जायचं नसतं." इकडे तुम्हाला रात्र रात्र झोप नाही. त्याचं वाटोळं व्हावं असं मनात येतं, आणि आलं की त्याची टोचणी लागते.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. दिवाणी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो आणि मंडळीत संडे स्कूल घेत आलो. त्यामुळे उत्तरात दोन्हींचा वास येईल, सांभाळून घ्या.

दावा लावणं म्हणजे सूड नव्हे. पण दाव्याच्या आडून सूड घेता येतो, आणि तो घेणारी माणसं मी रोज बघत होतो. एका बांधाच्या भांडणात वादीच्या बाजूने निकाल लागला. मी हुकूमनाम्याची नक्कल त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचलीही नाही. चार घड्या करून खिशात कोंबली आणि मला विचारलं, "साहेब, तो आत रडला का?" बांध मिळाला, पण त्याला जे हवं होतं ते कोणत्याच न्यायाधीशाला देता आलं नसतं. शास्त्राने मना केलं आहे ते हे, समोरच्याची जिरवणं.

आता गालाचं वचन. बायबलमधल्या मत्तय ५ चा तो भाग मंडळीत अर्धाच सांगितला जातो. प्रभू येशूने "उजवा गाल" असं नेमकं म्हटलं आहे. समोरासमोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हात उलटाच फिरवावा लागतो. ती मारहाण कमी आणि पाणउतारा जास्त. यहुदी कायद्यात साध्या थपडेला २०० झूज (चांदीची नाणी) दंड होता आणि उलट्या हाताच्या थपडेला ४०० तो याचसाठी. म्हणजे कोणी तुमचा अपमान केला तर उलट अपमान करून हिशेब चुकता करू नका, हा रोख आहे. "शांतपणे लुबाडून घ्या आणि तोंड मिटून बसा" असा अर्थ मला त्यातून काढता येत नाही. कारण खुद्द प्रभूला महायाजकासमोर शिपायाने थप्पड मारली, तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केल्याचं योहानाने लिहिलेलं नाही. त्याने विचारलं: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८). हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटलं, तेही तोंडावर.

प्रेषित पौलाचंही तसंच. रोमकरांस लिहिताना बाराव्या अध्यायात तो सांगतो की वाइटाबद्दल वाईट करू नका, सूड घेऊ नका, तो प्रभूवर सोपवा. तोच पौल फिलिप्पैमध्ये काय करतो? त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, "त्यांना सोडून द्या." पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, आम्हाला उघड्यावर मारलंत आणि आता चोरून घालवता? ते चालणार नाही, स्वतः येऊन बाहेर न्या. त्यांना यावं लागलं (प्रेषितांची कृत्ये १६). पुढे रोमन सुभेदार फेस्तासमोर न्याय मिळेना, तेव्हा त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. फटक्यांच्या बदल्यात फटके त्याने मागितले नाहीत, पण आपला हक्कही सोडून दिला नाही.

मुलीच्या वाट्याबद्दल तर शास्त्रात सरळ प्रसंग आहे, तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. गणना २७. सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली सगळ्या मंडळीसमोर, मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. मोशेने ते गाऱ्हाणं परमेश्वरापुढे नेलं. उत्तर आलं, मुली योग्य तेच मागत आहेत. "देवावर सोडा आणि घरी जा" असं कोणी त्यांना सांगितलं नाही. तुमच्या इथे भाऊ आहे, त्यांना नव्हता, हा फरक मला कळतो. पण हक्क मागणारी मुलगी देवाच्या नजरेत लोभी ठरत नाही, एवढं तरी यातून निघतं.

मंडळीतल्या लोकांकडे सगळ्यात भक्कम वचन आहे ते १ करिंथ ६ चं, आणि ते मी टाळणार नाही. भाऊ भावावर फिर्याद करतो तीही अविश्वासणाऱ्यांपुढे, यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं पौल तिथे विचारतो. वचन कठीण आहे. पण त्याच्या आधीची ओळ बघा: तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? म्हणजे कोर्टात जाऊ नका म्हणणाऱ्या मंडळीवर आधी स्वतः निवाडा करायची जबाबदारी येते. मत्तय १८ मध्ये त्याची रीत दिली आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगा. मला विचारायचं आहे, तुम्हाला गालाचं वचन ऐकवणाऱ्यांपैकी किती जण दादाच्या दारात गेले? पंच कमिटीने त्याला बोलावलं का? माझा अनुभव कडू आहे. क्षमेचा उपदेश आपल्याकडे नेहमी उताराकडे वाहतो. सुनेला होतो, विधवेला होतो, धाकट्याला होतो. ज्याच्या नावावर सात-बारा झाला त्याच्याकडे तो क्वचितच पोचतो. पेत्राने दुःख सोसण्याबद्दल लिहिलं आहे तेही अनेकदा पुढे केलं जातं, पण त्यातला दुसऱ्या अध्यायातला भाग त्याने गुलामांना उद्देशून लिहिला, ज्यांना दाद मागायला जागाच नव्हती. तुम्हाला आहे.

आणि हो, अन्याय सोसण्याचा मार्गही खरा आहे. अब्राहाम वडीलधारा असून त्याने लोटाला म्हटलं, तुला हवी ती जमीन तू आधी निवड. पण त्याने सोडलं ते स्वतःच्या हातातलं, डोळे उघडे ठेवून. फसवून सही घेतलेल्या कागदाला त्याग म्हणता येत नाही. उद्या तुमचा हिस्सा तुमच्या नावावर लागला आणि मग तुम्हाला वाटलं की दादाच्या लेकरांसाठी असू दे, तर जरूर द्या. तेव्हा ते दान होईल.

रात्रीच्या त्या विचारांबद्दल. वाटोळं व्हावं असं मनात येणं आणि ते करायला निघणं यात अंतर आहे, आणि शास्त्र पहिल्याला दचकत नाही. स्तोत्र १०९ वाचा. संडे स्कूलमध्ये मी ते कधी पाठ करून घेतलं नाही, कारण त्यात शत्रूची मुलं पोरकी होवोत, सावकार त्याचं सगळं घेऊन जावो, इथपर्यंत मागणं आहे. पण ते देवापुढे बोललं आहे, गावात नाही. "सूड घेणं माझ्याकडे आहे" याचा अर्थ मला माझ्या नोकरीतून उमगला. खटला एकदा वरच्या न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतला की खालच्या न्यायालयाला त्यात तारीख देता येत नाही, साक्ष घेता येत नाही, काही म्हणता काही नाही. फाईल गेली. दादाला शिक्षा काय व्हावी, त्याने कसं भोगावं, ही फाईल तुम्ही वर पाठवायची आहे. ती रोज रात्री परत मागवून पानं चाळत बसलात तर झोप कशी लागेल? जमिनीचा दावा मात्र इथलाच. तो इथेच चालवायचा. दोन्ही फायली एकाच दोऱ्याने बांधल्या की घोटाळा होतो.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात का, असं तुम्ही विचाराल. मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेल. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर गावी, त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालू ठेवली. पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली गेली, उच्च न्यायालयात २००५ साली ती जन्मठेपेवर आली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा ही एक गोष्ट आणि गुन्ह्याचा परिणाम ही दुसरी, हा फरक त्यांनी नेहमी ठेवला. आपलं दुःख त्यांच्यापुढे काहीच नाही असं म्हणून मी तुम्हाला गप्प करत नाही. मात्र क्षमा केली म्हणून कायद्याने मान खाली घालायची नसते, हे आपल्याच काळात, आपल्याच देशात एका बाईने दाखवलं आहे.

क्षमा आणि समेट यातही गल्लत होते. क्षमा तुमच्या एकटीच्या हातात आहे. समेटाला दोघं लागतात. लूक १७ मध्ये स्पष्ट आहे: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावणं आधी आहे. तेव्हा दादाच्या घरी जाऊन काही झालंच नाही असं हसत जेवण्याची सक्ती तुमच्यावर नाही. उलट त्याची बायको आजारी पडली आणि तुम्ही डबा घेऊन गेलात, तर मागणी मागे घेतली असंही होत नाही. शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, हे पौलाने नीतिसूत्रांतून उचललं आहे, आणि जेवण वाढताना वाटणीचा दावा काढून घ्या असं त्यात कुठेही नाही.

दुसरी बाजूही ऐका. एका माणसाने प्रभूला नेमकं तुमचंच गाऱ्हाणं सांगितलं होतं: गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी द्यायला सांगा. प्रभूने नकार दिला, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं, असं म्हणाला, आणि लगेच सगळ्यांना लोभापासून सावध केलं (लूक १२). तो इशारा फक्त दादासाठी नाही. म्हणून नोटीस पाठवायच्या आधी एका कागदावर लिहून काढा की काय मिळालं म्हणजे तुमच्या दृष्टीने प्रकरण संपलं. "माझा हिस्सा, माझ्या नावाची नोंद, आईला तिच्या हिश्शाचं उत्पन्न" एवढं असेल तर बिनधास्त पुढे जा. त्यात "आणि गावात त्याची नाचक्की" असं आलं, तर तेवढी ओळ खोडा. वकील खोटी फौजदारी तक्रार जोडायला सुचवतील, "दबाव येतो" म्हणून. नाही म्हणा. वहिनीचं नाव गरज नसताना गोवू नका, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर लिहू नका, पुतण्यांशी बोलणं तोडू नका. सूड घेतला जातो तो बहुतेक या असल्या जोडकामांतून.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर एक तृतीयांश आईचा आणि उरलेलं मुलांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. तुम्ही दोघंच असाल तर तिघांनाही एकेक तृतीयांश. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिच्याने मालकी ठरत नाही. हक्कसोड पत्र असेल तर ते नोंदणीकृत लागतं. नुसत्या तलाठ्यासमोरच्या जबाबाने जमिनीतला हक्क सहसा जात नाही. पण फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. क्षमेला मुदत नाही, दाव्याला आहे, आणि "प्रार्थना करत राहा, प्रभू बघेल" म्हणणाऱ्यांना ही मुदत ठाऊक नसते.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तलाठ्याकडून त्या फेरफाराची आणि त्याला जोडलेल्या कागदांची नक्कल मागा. दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची) बघून तुमच्या सहीचा दस्त नोंदला आहे का ते तपासा, असेल तर त्याची तारीख लिहून घ्या. मग मत्तय १८ प्रमाणे दादाकडे एकदा एकट्या जा, आई समोर नसताना, आणि कागद दाखवून विचारा. त्याने उडवून लावलं तर मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन जा. यायला कोणी तयार नसेल तर पाळकसाहेबांना तसं लेखी कळवा आणि वकिलाकडे जा. दस्त नोंदलेला निघाला तर त्याची तारीख इथे सांगा, पुढचं त्यावर बोलू.