साडेअकरा मीटरची डोलकाठी चेन्नईहून वाळूजला

प्रश्न : मी चेन्नईहून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. तिचे धड वाळूजमधील माझ्या फायबरच्या शेडमध्ये पोहोचले असून दुरुस्ती सुरू आहे. सुमारे ११.५ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची डोलकाठी मात्र तिकडेच राहिली आहे. स्वतंत्र ट्रेलरचे भाडे परवडत नाही. काठी मधोमध कापून आणावी, असा सल्ला काहींनी दिला आहे. काय करावे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काठी कापू नका. कापलेली काठी आतून नळी बसवून जोडता येते हे खरे, पण वाऱ्याचा सारा ताण जिला पेलायचा आहे तिला केवळ भाड्यासाठी सांधा देणे मला पटत नाही, आणि तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही. ३२ फुटी कंटेनर गाडीत, म्हणजे पावणेदहा मीटरांत, ती कर्णरेषेत तिरपी ठेवली तरी मावणार नाही. ४० फुटी ट्रेलरवर मात्र सरळ बसेल. माल गाडीबाहेर डोकावू देऊ नका, कारण मोटार वाहन कायद्यात त्यासाठी २०,००० रुपये दंड आहे आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही वर द्यावा लागतो.

काठीसाठी गाडी शोधण्याऐवजी इकडे येणारी गाडी शोधा. जालन्याच्या गिरण्यांतील सळई १२ मीटर लांबीची असते, त्यामुळे तेथील ट्रान्सपोर्टवाल्यांना लांब माल नवा नाही. माल उतरवून दक्षिणेतून परतणारा ट्रेलर कोणाचा आहे, याची त्यांच्याकडे चौकशी करा आणि परतीच्या भाड्यावर बोलणी करा. काठी जालन्यापर्यंत आली की उरलेली वाट सोपी आहे, कारण पुण्याकडे सळई नेणारी गाडी वाळूजवरूनच जाते. सळईवर जुन्या गोधड्या अंथरून त्यांवर काठी ठेवता येते. सळईखाली मात्र ती कधीही जाऊ देऊ नका. गोदामा-गोदामांतून माल फिरवणाऱ्या कंपनीकडे ती देऊ नये, कारण प्रत्येक चढउतारीत लांब वस्तूलाच आधी मार बसतो.

अशा हलक्या पण जागा अडवणाऱ्या मालाचे भाडे वजनावर नव्हे, तर जागेवर ठरते, हे बांधणीच्या वेळी लक्षात ठेवा. आधाराच्या तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या काड्या न काढता काठी दीड मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच राहिली, तर घनसेंटिमीटरांना ५००० ने भागण्याच्या प्रचलित हिशेबाने तिचे वजन १,००० किलोच्या वर धरले जाईल. काड्या काढून आणि तारांची वेटोळी वेगळी बांधून ती ३० सेंटिमीटर रुंदीत आणली, तर तोच आकडा सुमारे २०७ किलोवर येतो. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून वेगळ्या पोत्यात भरा, नाहीतर जोडणीच्या दिवशी कोणती तार कोठली हेच कळणार नाही. गुंडाळलेल्या काठीला चार ठिकाणी सारखा आधार द्या आणि ती कापडी पट्ट्यांनीच आवळा. साखळीने आवळलेली एक काठी मी पाहिली आहे. बाहेरून ती धड दिसत होती, पण शीड सरकण्याची खाच वीतभर दबली होती आणि त्या जागेपुढे शीड चढेना.

बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, काठीची खरी किंमत लिहून घ्या. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार जास्त जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केलेले नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते; म्हणजे भाडे जितके स्वस्त, तितकी भरपाईही तुटपुंजी. त्याशिवाय प्रवासाचा विमा घ्यावा.

वाळूजला काठी उतरवताना घाई करू नका. सही करण्यापूर्वी गुंडाळी सोडा, शिडाची एक सरकपट्टी खाचेतून टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहा, आणि ती कोठे अडलीच, तर तेवढी नोंद चालकासमोर बिल्टीवर करूनच सही द्या.