टिकल्या काढल्या तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी व्हायोलिनमध्ये विशारद झाली आहे. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे, पण नोकरी नको, व्हायोलिनच वाजवायचं म्हणते. शेजारच्या दोन मुलांना शिकवशील का, असं विचारलं तर रडायलाच लागली. "शिकवण्या घ्यायला लागले की वादक म्हणून संपले," म्हणाली. बाई, तिला काय सांगू?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिच्या वयात मीही हेच म्हणायचे, त्यामुळे तिचं रडू मला कळतं. पण समजूत चुकीची आहे. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग लखनौला शिकवत होते, पुढे आकाशवाणीत नोकरीला होते, आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या आजही आवडीने ऐकल्या जातात. व्हायोलिनवादक एन. राजम यांनी बनारस हिंदू विद्यापीठात कित्येक वर्षं शिकवलं. त्यांचं गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गावं तसं व्हायोलिन वाजवणं, कुठे कमी झालं?

माझा पहिला विद्यार्थी मी पैशांसाठीच घेतला. आठ वर्षांचा मुलगा. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, म्हणून त्याच्या आईने पट्टीवर लाल टिकल्या चिकटवल्या होत्या, ही रिषभाची, ही गंधाराची. श्रावणातला ओला दिवस, खुंटी सरकून तार उतरलेली, आणि पोरगा टिकलीवर अगदी नेमकं बोट ठेवून बेसूर वाजवतोय! टिकल्या मी नखाने खरवडून काढल्या. तीन महिने एकच शिस्त ठेवली. भूप रागाची सरगम तानपुऱ्यावर आधी गायची, मग बोट ठेवायचं. एकदा मी वाजवून दाखवत होते, पंचमावरून गंधारावर मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत जाणं. तो म्हणाला, "बाई, ग दोनदा का वाजला?"

खरंच वाजत होता. माझं बोट गंधाराच्या जरा खाली जाऊन मग वर सावरत होतं. आधीच्या कितीतरी कार्यक्रमांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती मींड मी त्या पावसाळ्यात रोज पहाटे घासली, आणि गजाननराव जोशी गाण्यात आणि व्हायोलिनवर सारखेच कसे रमले असतील, हे तेव्हा थोडं उमगलं. गळ्यात नाही ते बोटात येत नाही.

आता व्यवहाराचं. पहाटेचे दोन तास तिचे स्वतःचे, तेव्हा शिकवणी नाही. आकाशवाणीची ऑडिशन जरूर द्यावी. नाट्यसंगीताला, भावगीतांना साथ करायला मिळाली तर कमीपणा मानू नये, गाणाऱ्याच्या गळ्यातली जागा, म्हणजे सुरांची नक्षी, क्षणात उचलून वाजवायची सवय तिथेच लागते. फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, स्पष्ट बोलून घ्यावी. एका शाळेने माझं सहा महिन्यांचं मानधन थकवलं होतं. मागायला संकोच वाटायचा, आणि त्या संकोचाने माझा रियाज बिघडला. तुमच्या लेकीवर ती वेळ येऊ नये.

पदवी पूर्ण करू द्या. पण नोकरीसाठी एक वर्ष तरी तिच्या मागे लागू नका, ही माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. ती दोन मुलं मात्र तिने घ्यावीत. आणि वाजवून झाल्यावर गज, म्हणजे तारांवर फिरवायची ती काठी, सैल करून ठेवते ना, तेवढं विचारा. पावसाळा तोंडावर आला आहे.