दुधाची दाढ आणि सुजलेला गाल

प्रश्न : मुलगा 6 वर्षांचा आहे. खालची दाढ किडलीय, पण ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून घरचे थांबले. काल ठणका थांबला, आज गाल सुजलाय आणि ताप आहे. सासूबाई मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगतात. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, शेकू नका, मनाने औषधही देऊ नका. आजच दंतवैद्यांकडे न्या. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. बहुधा आतली नस मेलीय आणि पू हाडातून बाहेर आलाय. वरच्या दाढेची सूज डोळ्याकडे चढते, खालच्या दाढेची गळ्याकडे उतरू शकते. मला काळजी आहे ती याचीच.

जबड्याच्या कडेखाली हलकेच बोट फिरवून बघा. तिथे सूज कडक लागते? तोंड नीट उघडत नाही, लाळ गळते, थुंकी गिळवत नाही, आवाज घोगरा झालाय? मग दवाखाना उघडायची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी. डोळा सुजून मिटत असेल तरीही तेच.

नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, पण मूळ तसंच राहतं आणि पुन्हा उसळतं. पूला वाट करून द्यावी लागते. दाढेची नस साफ करावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात, त्यामुळे काढलीच तर जागा राखणारी तार बसवायची का, हे नक्की विचारा.

तापाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको.