वृद्ध पेशी कॅन्सर रोखतात की वाढवतात?

तुम्ही दोन लेख वाचलेत. पहिल्यात म्हटलंय की पेशी म्हातारी होणं हा कॅन्सरपासूनचा बचाव आहे, दुसऱ्यात म्हटलंय की म्हाताऱ्या पेशीच कॅन्सरला खतपाणी घालतात. आईची केमोथेरपी नुकतीच संपली आहे, म्हणून अशा पेशी मारणाऱ्या गोळ्या तिला द्याव्यात का, हा तुमचा खरा प्रश्न. दोन्ही लेख बरोबर आहेत. घोळ ‘म्हातारी’ या शब्दामुळे होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लेखांत ज्याला पेशीचं म्हातारपण म्हटलंय, त्याचं शास्त्रीय नाव सेनेसन्स (अशी पेशी ती सेनेसंट). सेनेसन्स म्हणजे पेशीनं विभाजन कायमचं थांबवणं, पण मरणं नव्हे. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणारं जाळं विणणाऱ्या पेशी वाढवल्या आहेत. पहिले काही आठवडे त्या सडपातळ, चपळ दिसतात आणि भराभर थाळी भरून टाकतात. मग एक वेळ अशी येते की त्या पसरट, अवाढव्य होतात, ताजं पोषकद्रव्य दिलं तरी संख्या वाढत नाही. तरीही त्या महिनोन्महिने जिवंत राहतात. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं: माणसाच्या सर्वसाधारण पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. त्याआधी कित्येक दशकं कॅरेल या शास्त्रज्ञाचा, पेशी शरीराबाहेर अमर असतात, हा दावा सगळ्यांनी मानला होता. पुढे कारणही कळलं. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमिअर दर विभाजनाला झिजतात, आणि फारच आखूड झाले की पेशी थांबते. कॅन्सरच्या सुमारे ८५ ते ९० टक्के गाठींमध्ये टेलोमिअर पुन्हा लांबवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) पुन्हा चालू झालेलं आढळतं. म्हणजे थांबण्याचा हा नियम मोडल्याशिवाय बहुतेक गाठींना वाढताच येत नाही.

इथवरची गोष्ट वयाचीच वाटते. पण १९९७ मध्ये सेरानो, लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण पेशींमध्ये रास हे बिघडलेलं, कॅन्सरला चालना देणारं जनुक घातलं. पेशी बेफाम वाढतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्या थांबल्या! पी५३ आणि पी१६ ही प्रथिनं वाढली आणि त्यांनी विभाजनाला ब्रेक लावला. मला हा प्रयोग आजही या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो.

याचा पुरावा आपल्या अंगावरही असतो. त्वचेवरच्या पुष्कळशा तिळांमध्ये बीरॅफ जनुकातलं तेच उत्परिवर्तन असतं, जे मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सापडतं. त्या पेशी काही काळ वाढतात, तीळ तयार होतो आणि मग दशकानुदशकं तो तेवढाच राहतो. २००५ मध्ये तिळांतल्या पेशी सेनेसंट असल्याचं दाखवलं गेलं, आणि त्यांचे टेलोमिअर झिजलेलेही नव्हते. विशीतल्या माणसाच्या तिळातली पेशी ‘म्हातारी’ कशी म्हणायची? ती धोका ओळखून थांबलेली असते. (तीळ बदलू लागला, आकार-रंग वेगळा वाटला, तर मात्र तो डॉक्टरांना दाखवाच.)

आता दुसरा लेख. थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांसारखे दाह वाढवणारे संदेश आणि भोवतालचं जाळं विरघळवणारी विकरं सोडत राहते. ज्युडिथ कँपिसी यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं की सेनेसंट फायब्रोब्लास्टच्या सहवासात कॅन्सरपूर्व पेशी जोमानं वाढतात. पण हेच संदेश रोगप्रतिकारक पेशींना बोलावतातही. २००७ मध्ये उंदरांच्या यकृतातल्या गाठींत पी५३ पुन्हा चालू केल्यावर पेशी सेनेसंट झाल्या आणि प्रतिकारक पेशींनी गाठ साफ केली. जखम भरून येण्यातही यांचा हात असतो. तेव्हा पेशी थांबली, तिनं हाक मारली आणि तिला वेळेवर उचलून नेलं, तर फायदा. ती तिथेच ठाण मांडून बसली आणि वर्षानुवर्षं दाह पसरवत राहिली, तर नुकसान. माझ्या मते तुमच्या दोन लेखांतला फरक फक्त या कालावधीचा आहे.

केमोथेरपी आणि किरणोपचारांनीही अशा पेशी तयार होतात, गाठीत आणि निरोगी ऊतींतही. २०१७ च्या एका अभ्यासात केमोनंतर उंदरांमधून त्या काढून टाकल्यावर दुष्परिणाम आणि कॅन्सरचं परतणं, दोन्ही कमी झालं. तुमची आशा यातूनच आली असणार, आणि ती निराधार नाही. पण चित्राची दुसरी बाजूही पाहा. २०२० मध्ये उंदरांमधल्या, पी१६ भरपूर असलेल्या पेशी सरसकट मारल्यावर यकृतात तंतू साचले आणि तब्येत बिघडली. त्यांतल्या बऱ्याच पेशी यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या होत्या आणि त्यांची जागा नव्या पेशींनी भरून निघाली नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो: आईला देऊ नका. यासाठी सर्वाधिक चर्चेत असलेली जोडी डासाटिनिब आणि क्वर्सेटिन यांची. डासाटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरचं औषध आहे, त्यानं रक्तपेशी घटू शकतात आणि फुप्फुसाभोवती पाणी साचू शकतं. केमोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या शरीराला हे झेपेलच असं धरून चालू नका. नुसतं क्वर्सेटिन पूरक म्हणून सहज मिळतं, पण तेही इतर औषधांच्या कामात अडथळा आणू शकतं. आधीच काही सुरू केलं असेल तर बाटली घेऊनच पुढच्या तपासणीला जा आणि कॅन्सरतज्ज्ञांना दाखवा. त्यांना विचारायचंच असेल तर हे विचारा: आईच्या प्रकारच्या कॅन्सरसाठी अशा औषधांची एखादी देखरेखीखालची चाचणी चालू आहे का, आणि ती त्यात बसते का?