भिंतीतलं मेण आणि पॉलिसीवरचं कर्ज

प्रश्न: अकोल्यात घर बांधतोय, बैठंच. वय ४१, पगार ९० हजार, गृहकर्ज ३८ लाख. घरात आई, पत्नी, दोन मुलं. कमावता मी एकटा. भिंतींत फेज चेंज मटेरियलचे (पीसीएम) पॅनल बसवले तर एसीचं बिल ४० टक्के कमी होईल, असं विक्रेता सांगतो. मेणासारखा ३०० किलो माल, २६ अंशांना वितळणारा, खर्च ४ लाख. नऊ वर्षं जुन्या विमा पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज मिळतंय (पॉलिसीचा हप्ता वर्षाला ८० हजार, कवच १५ लाख, दुसरा विमा नाही). काढू का?

उत्तर: नका काढू.

पीसीएम खोटं नाही. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि ऊन लागलं की पातळ होतं, तसंच हे. वितळताना उष्णता पोटात घेतं, थिजताना सोडतं. जिथे दिवस तापतो आणि रात्र गार पडते, तिथे ते उत्तम चालतं. पण मे महिन्यात अकोल्यात सकाळी तेलाची बाटली थिजलेली पाहिलीत का कधी? दिवसा ४३-४४ आणि रात्री अनेकदा २८-३० अंश. २६ अंशांचं द्रव्य एकदा पातळ झालं की आठवडेच्या आठवडे पातळच राहणार. तुम्हाला गरज सगळ्यात जास्त असेल तेव्हा ते नुसतं भिंतीत पडून राहील. रात्रभर एसी लावून थिजवलंत, तर वीज तुमचीच.

हिशेब करू. एक किलो मेण वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेतं. ३०० किलोचे झाले सुमारे १७ युनिट. एसी एका युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणून तेवढ्यासाठी त्याला साडेपाच युनिट वीज लागते. १२ रुपये दरानं दिवसाला ६५ रुपये. माल रोज पूर्ण वितळून पूर्ण थिजेल असे दिवस सढळ हातानं १०० धरले, तर वर्षाला साडेसहा हजार वाचतील. कर्जाचं व्याज ३८ हजार. विक्रेत्याच्या ४० टक्क्यांना माझ्या लेखी काही आधार नाही.

बैठ्या घरात उन्हाची उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते. स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर), पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे, हे आधी करा. आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलरला कमी लेखू नका.

आता ज्या ओळीनं मला खरी काळजी लावली, ती तुम्ही कंसात टाकली आहे. उद्या तुम्हाला काही झालं, तर १५ लाख आणि साठलेला बोनस मिळून फार तर २१ लाख येतील. त्यातून पॉलिसीवरचं ४ लाखांचं कर्ज वजा, उरले १७. बँकेचे ३८ तसेच उभे. म्हणजे घर विकायचं, किंवा २१ लाख कुठून तरी आणायचे, आणि मग आईचं औषधपाणी, मुलांची फी. नऊ वर्षांत तुम्ही ७ लाख २० हजार भरलेत, आणि एवढं भरूनही कुटुंब उघड्यावर आहे. ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली गेली. मुदतीअखेर हातात येणारा परतावा ५ टक्क्यांच्या आसपास असतो. ८० हजारांत संरक्षण किती, हे विकणाऱ्यानं तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं.

दीड कोटींचा टर्म विमा घ्या (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, परतावा नसलेला), साठीपर्यंतचा. तब्येत ठीक असेल तर हप्ता २५-३० हजारांच्या घरात. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. अर्ज करतानाच १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या. मग त्या पैशावर हक्क पत्नी आणि मुलांचा, तुमच्या देणेकऱ्यांचा नाही. बीपी, शुगर, सिगारेट जे असेल ते अर्जात लिहा. एजंट 'राहू द्या' म्हणाला तरी लिहा, कारण नाकारलेल्या दाव्याची फाईल घेऊन खेटे पत्नीला घालावे लागतात.

टर्मचं कवच लागू झाल्याचा कागद हातात आला, की जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून ती कमी कवचावर तशीच चालू ठेवा. त्याआधी नको. वर्षाचे ५० हजार मोकळे होतील. पहिल्या वर्षीचे स्लॅबला लावा. पॉलिसीवरच्या कर्जाच्या अर्जावर सही केली असेल, तर उद्याच शाखेत जाऊन तो मागे घ्या.