‘बालिश’ विश्वास नव्हे, लेकराचा विश्वास

ख्रिस्ती प्रवचनांत ‘बालिश विश्वास’ असे वारंवार ऐकू येते, ते योग्य की ‘बालसुलभ विश्वास’ म्हणावे, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘बालिश’ मुळीच नको. संस्कृतातही हा शब्द ‘मूर्ख’ या अर्थाने येतो आणि मराठीत तर तो केवळ दूषण म्हणून उरला आहे. तरीही देवावरील निष्ठेची थोरवी सांगताना तोच योजला जातो, हे ऐकून मला खरोखर वाईट वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील बालकांसारखे होण्याविषयीचे वचन (१८:३) सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते येथे सोडतो. ‘बालसुलभ’ चालेल, पण आपल्या प्रार्थनांत ‘आम्ही तुझी लेकरे’ हे शब्द असताना ‘लेकराचा विश्वास’ का म्हणू नये?

या विश्वासाचे खरे चित्र मला बायबलमधील स्तोत्र १३१ मध्ये दिसते. हे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. पहिल्या वचनात कवी म्हणतो की, आपल्या आवाक्यापलीकडच्या ‘निफ्लाओत’मध्ये, म्हणजे मूळ इब्री शब्दानुसार अद्भुत गोष्टींमध्ये, तो पडत नाही, त्या अद्भुतच राहिल्या तरी त्याचे काही अडत नाही. दुसऱ्या वचनात तो आपल्या जिवाला आईपाशी असलेल्या ‘गामुल’ची, म्हणजे अंगावरचे दूध सुटलेल्या मुलाची, उपमा देतो. ‘गामुल’ ज्या ‘गामल’ धातूपासून आला, त्याचे अर्थ पाहावेत: दूध सोडवणे, भरभरून देणे आणि फळ पिकणे. अहरोनाच्या काठीला बदाम पिकले (गणना १७:८), तेथे हाच धातू आहे. परमेश्वराने माझे भले केले (स्तोत्र १३:६), तेथेही हाच. मराठीत आपण दूध ‘तोडतो’; इब्री भाषेत तेच मूल जणू पिकते. इसहाकाचे दूध सुटले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली (उत्पत्ती २१:८), ती उगाच नव्हे.

काही भाष्यकार येथे ‘गामुल’चा अर्थ नुकतेच पिऊन तृप्त झालेले तान्हे मूल असा घेतात. मला हे साफ अमान्य आहे, कारण त्याने उपमेचा प्राणच जातो. तान्हे मूल दुधासाठी आईला बिलगते. दूध सुटलेले मूल काही मागायचे नसतानाही तिच्यापाशी निवांत बसते, कारण त्याला आता आईच हवी असते.

विश्वासाला तान्हे करण्याच्या याच हौसेपायी ‘अब्बा’ या देवाला मारलेल्या अरामी हाकेचा अर्थ ‘पप्पा’ असा सांगितला जातो. नव्या करारात ‘अब्बा’ तीनदा येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या पुढे ‘पिता’ या अर्थाचा साधा ग्रीक शब्द आहे, बोबडा शब्द एकदाही नाही. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८ मध्येच या समजुतीचे सविस्तर खंडन केले; तरी ती अजून शिकवली जाते. अटकेच्या आधी गेथशेमाने येथे प्रार्थनेत ‘अब्बा’ म्हणणारा येशू (मार्क १४:३६) आपली इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवत होता, आणि ते बोल जाणत्या पुत्राचे होते.